पुलाखालच्या संघाची गोलकीपर

ऑपरेटरबाईंची उभी हयात हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर गेली होती. समोरचा काय बोलतोय यापेक्षा तो कसा बोलतोय याकडे त्यांचा कान आधी जाई. नुसत्या 'हॅलो'वरून त्या ताडत, की पलीकडे घाबरलेला नवरा आहे, झोपमोड झालेला डॉक्टर आहे, की भाचा झाल्याची बातमी पोटात न मावणारी एखादी मावशी. निवृत्त झाल्यावर बोर्ड सुटला, पण कान काही सुटले नाहीत. जिन्यात पाऊल वाजलं की बाई स्वयंपाकघरातूनच सांगत, "वरच्या मजल्यावरचे आले. आज साहेबांनी झापलेलं दिसतंय."

आणि अशा बाईच्या घरात सून आली ती घुमी.

तशी मुलगी गुणी होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. बाईंचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट अडकली म्हणून तो गेला. लिफ्ट सुटली, पण हा तिथेच अडकला, असं त्याचे मित्र अजून चिडवत. सून घरात वावरायची ती मांजराच्या पावलांनी. बोलायची मोजकं, आणि तेही इतकं हळू की खुद्द ऑपरेटरबाईंना "काय म्हणालीस?" असं विचारावं लागे. बाळंतपणातसुद्धा तिने हूं की चूं केलं नव्हतं. नात झाली, घरात तिचं नाव टिंगी पडलं. टिंगीने मात्र सगळी कसर भरून काढली. ती रडायला लागली की अख्खी इमारत जागी होई.

सून फुटबॉल खेळते हे बाईंना ठाऊक होतं. लग्न ठरतानाच तिने सांगितलं होतं, आणि एखादी मुलगी "मला थोडं विणकाम येतं" म्हणते तसं बाईंनी ते ऐकून सोडून दिलं होतं. बाळ झाल्यावर हे खूळ आपोआप जाईल असं त्या धरून चालल्या होत्या. गेलं नाही. टिंगी पालथी पडायला लागली आणि सून पुन्हा सरावाला जायला लागली. बाई काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवशी भांडी जरा जास्तच वाजली.

त्या वर्षी विभागीय महिला चषकाचे सामने सुरू झाले होते. हरलं की थेट घरी, अशी ती स्पर्धा. सुनेचा संघ नदीवरच्या मोठ्या पुलाखाली सराव करायचा, म्हणून सगळे त्यांना 'पुलाखालच्या' म्हणत. पहिल्या फेऱ्यांना टिंगीला घेऊन मुलगा जायचा, कारण पोरगी बाटलीला तोंड लावायची नाही. एरंडेल पाजतायत असं तोंड फिरवायची. मध्यंतरात आईने पाजलं तरच पुढचा वेळ शांततेत जाई.

पुलाखालच्या शेवटच्या आठांत पोचल्या आणि नेमकी त्या रविवारी मुलाची ड्यूटी लागली. सकाळी सून दारात उभी राहिली. खांद्याला बॅग, नजर फरशीवर.

"आई, दुपारी टिंगीला घेऊन मैदानावर याल का? मध्यंतरापुरतं."

"काय म्हणालीस?" बाईंनी विचारलं. खरं तर या वेळी त्यांना ऐकू आलं होतं.

सुनेने पुन्हा सांगितलं, आधीपेक्षाही हळू.

"येईन," बाई म्हणाल्या. "पोरीला उपाशी ठेवायचं का काय?"

मैदान म्हणजे एका बाजूला सिमेंटच्या चार पायऱ्या आणि बाकी तिन्ही बाजूंना जाळीचं कुंपण. बाई पोचल्या तेव्हा सामना सुरू होऊन बराच वेळ झाला होता. टिंगीला मांडीवर घेऊन त्या वरच्या पायरीवर टेकल्या. दूरचं त्यांना नीट दिसत नसे. निळ्या आणि लाल ठिपक्यांची पळापळ चाललीय, एवढंच कळत होतं. मग त्यांनी सवयीने डोळ्यांचा नाद सोडला आणि कान लावले.

आणि त्यांना तो आवाज ऐकू आला.

"डावीकडे! डावीकडे बघ! सोड तिला, सोड, माझी आहे!"

मैदानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत तो आवाज सरळ येत होता. चिरका नव्हता, फाटलेला नव्हता. पोटातून निघालेला, भरदार, आणि हुकूम सोडायची सवय असलेला. तो आवाज "मागे" म्हणाला की चार बायका मागे सरकत होत्या, "वर" म्हणाला की वर जात होत्या. बाईंनी आयुष्यभर मोठमोठ्या डॉक्टरांचे, मेट्रनचे, मंत्र्यांच्या सचिवांचे आवाज ऐकले होते. असा एखादाच ऐकला होता, ज्याच्यापुढे आपण उठून उभं राहावं असं वाटावं.

त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "अहो, ही कोण ओरडतेय?"

"गोलकीपर," तो म्हणाला. "पुलाखालच्यांची. तिच्यामुळेच इथवर आल्यात त्या."

बाईंनी पर्समधून चष्मा काढला. लांबचा चष्मा, सुनेने स्वतःच्या हाताने काचा बसवून दिलेला आणि बाईंनी हट्टाने न वापरलेला. तो नाकावर चढवला. दोन खांबांच्या मध्ये, हिरव्या जर्सीत, हातात मोठाले मोजे घालून त्यांची सून उभी होती.

बाई टिंगीला धरून तशाच बसून राहिल्या. मांडीवरची पोर त्या आवाजाच्या दिशेला मान वळवून हसत होती. तिला तो आवाज ओळखीचा होता. पोटात असल्यापासून ऐकत असणार ती, हे बाईंच्या लक्षात आलं. या घरात आपणच काय ते एकट्या बहिऱ्या होतो.

मध्यंतर झालं तशी एक धिप्पाड बाई त्यांना शोधत आली. ती संघाची कोच, एरवी टपाल वाटायची. "काकू, चला आत, पोरगी भुकेली असेल."

कपडे बदलायची खोली लहानशी होती. ओल्या गवताचा, घामाचा आणि दुखऱ्या सांध्यांना चोळायच्या मलमाचा वास कोंदला होता. कुणी संत्र्याची फोड चोखत होतं, कुणी पायाला पट्टी गुंडाळत होतं. बेकरीत काम करणारी एक पोरगी नाकात कापूस घालून बसली होती आणि तरीही हसत होती. सुनेने मोजे काढले, हात धुतले, टिंगीला घेतलं आणि भिंतीला टेकून पाजायला बसली. तिच्या गुडघ्यावर तळहाताएवढं खरचटलं होतं. कोच सगळ्यांना काहीतरी समजावत होती. टिंगीचं पोट भरत होतं तशी सूनही मध्येच डोकं वर करून सांगत होती, "त्यांची सात नंबरवाली उजव्या पायानेच मारते. तिला डावीकडे ढकला." सगळ्या माना डोलावत होत्या.

बाई दाराशी उभ्या होत्या. एका वेळी एका अंगाने लेकराला पाजायचं आणि दुसऱ्या अंगाने लढाई चालवायची, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी पुढे होऊन सुनेच्या गुडघ्यावरची माती ओल्या रुमालाने पुसली. सून दचकली.

"राहू दे हो, आई."

"गप्प बस," बाई म्हणाल्या.

पुलाखालच्या तो सामना जिंकल्या.

संध्याकाळी सून पुन्हा घरातली सून झाली. चहा ठेवला, टिंगीचे कपडे वाळत घातले, सगळं आवाज न करता. बाई तिच्याकडे चोरून बघत होत्या. हीच का ती? शेवटी त्यांना राहवेना.

"अगं, तुझ्यात एवढा आवाज आहे, तर घरात का नाही बोलत?"

सुनेने कप पुढे सरकवला. "घरात कोण गोल मारतंय, आई?"

बाई एवढ्या हसल्या की चहा बशीत सांडला. मुलगा कामावरून येऊन दारात उभा होता. आई आणि बायको एकत्र हसताना बघून तो बूट काढायचंच विसरला.

उपांत्य सामना बंदराच्या गावी होता. मुलाला पुन्हा सुट्टी मिळाली नाही, पण या वेळी सुनेला विचारावं लागलं नाही. बाई आदल्या दिवशीच टिंगीचे लंगोट, दुपटी, खुळखुळा पिशवीत भरून बसल्या होत्या. संघाच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. बेकरीवाली, शाळेत शिकवणारी, गाड्या धुणारी, सगळ्या जणी आळीपाळीने टिंगीला मांडीवर घेत होत्या आणि बाईंना 'काकू' म्हणत होत्या.

बंदरावर वारा असा होता की चेंडू वर गेला की कुठे उतरेल ते देवालाच ठाऊक. वारा पाठीशी होता तेव्हा पुलाखालच्यांनी गोल केला, वारा फिरला तेव्हा समोरच्यांनी फेडला. वेळ संपला, बरोबरी. मग जादा वेळ. तोही संपत आला, तरी कोणी हटेना.

इकडे टिंगीचं बिनसलं. मध्यंतरात ती झोपेत होती, धड प्यायलीच नव्हती. आता तिला भूक लागली आणि तिने सूर लावला. बाईंनी खुळखुळा वाजवून पाहिला, खांद्यावर घेऊन थोपटलं, काही उपयोग नाही. पोर रडून लालबुंद झाली. तेवढ्यात मैदानात गोलकीपरची मान एकदम प्रेक्षकांकडे वळली. बाईंना चष्म्यातून स्पष्ट दिसलं. आणि दुसरंही दिसलं. हिरव्या जर्सीवर, छातीशी, दोन गडद डाग उमटले आणि पसरत गेले. लेकराचं रडणं ऐकून दुधाला वाट फुटली होती.

रेफ्रीची शिट्टी झाली. आता पेनल्ट्या. एकेका बाईने चेंडू ठेवायचा आणि मारायचा, आणि समोर एकटी गोलकीपर.

बाई उठल्या. टिंगीला पदराखाली घेतलं, पायऱ्या उतरल्या आणि थेट स्टँडच्या मागे, चहाच्या टपरीपर्यंत चालत गेल्या. तिथे भिंत उंच होती आणि वारा मैदानाकडून इकडे वाहत होता. इथलं रडणं तिथे पोचणार नव्हतं.

टपरीवाली म्हणाली, "अहो काकू, आत जा ना! पेनल्ट्या चालू झाल्या. आता कसल्या बाहेर येता?"

"हिची आई गोलमध्ये उभी आहे," बाई म्हणाल्या. "हिचं रडणं तिच्या कानावर गेलं तर तिचं सगळं लक्ष इकडे लागेल."

टपरीवालीने तोंडावर हात ठेवला. मग तिने स्टोव्ह बंद केला. त्याच्या फरफरीने ऐकू येत नव्हतं म्हणून.

भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं. बाईंनी डोळे मिटले आणि टिंगीला छातीशी घट्ट धरून ऐकायला लागल्या. शिट्टी. सगळं चिडीचूप. मग 'धप्प'. मग डावीकडून, बंदरवाल्यांच्या बाजूने, गर्जना. "त्यांचा झाला," बाई म्हणाल्या. पुन्हा शिट्टी, धप्प, आणि उजवीकडून मूठभर गळ्यांची किंकाळी. "आपला झाला." असं चाललं होतं. एकदा 'धप्प'नंतर 'टण्ण' आलं आणि सगळीकडून 'आऽऽह' उठला. "खांबाला लागला. आपल्या पोरीचा." टपरीवाली तोंड वासून बघत होती. टिंगी हुंदके देता देता दमली होती आणि आजीची बोटं चोखत होती.

मग एक शिट्टी झाली. बाईंना कळलं की ही बंदरवाल्यांची आहे आणि ही गेली की सगळं गेलं, कारण डावीकडचे लोक आधीच टाळ्या धरून ठेका द्यायला लागले होते. ठेका थांबला. धप्प. आणि लगेच, त्याला चिकटूनच, दुसरा आवाज. सपकन. ओल्या पिठावर हात मारल्यासारखा.

"अडवला," बाई कुजबुजल्या. "हाताने अडवला. अडवला तिने!"

मग उजवीकडून जे उठलं त्याला किंकाळी म्हणता आलं नसतं. मग आपल्या पोरीची 'धप्प', आपला झाला, पुन्हा बरोबरी. मग बंदरवाल्यांची शिट्टी आणि आणखी एक 'सपकन', मग आपली शेवटची 'धप्प' थेट आत, आणि त्यावर सगळ्या गोंगाटाला फाडून वर आलेला एकच आवाज. शब्द नव्हते त्यात. ज्या बाईने बाळंतपणात ओठ घट्ट मिटून घेतले होते, तिचा आवाज होता तो. ऑपरेटरबाई टपरीच्या बाकावर बसल्या.

जरा वेळाने भिंतीला वळसा घालून सून पळत आली, चिखलाने माखलेली, जर्सी ओलीचिंब. तिने टिंगीला घेतलं आणि तिथेच बाकावर पाजायला बसली. लेकरू गटागटा पीत होतं. सुनेच्या तळहातांवर लाल वळ उठले होते.

"तुम्ही बघितलं नाहीत," ती म्हणाली.

"सगळं ऐकलं," बाई म्हणाल्या. टपरीवालीने स्टोव्ह पुन्हा पेटवला आणि न विचारता तिघींपुढे चहा ठेवला, तिसरा स्वतःचा.

अंतिम सामन्याला मुलाने पाळी बदलून घेतली. खरंखुरं स्टेडियम होतं, आकडे घातलेल्या खुर्च्यांचं. समोर मोठ्या शहरातला संघ होता. त्यांची स्वतःची बस, सगळ्यांचे एकसारखे बूट, आणि त्यांच्यात एक लहानखुरी, लांब वेणीची मुलगी, जिला लोक भिंगरी म्हणत. टिंगी बापाच्या मांडीवर होती. बाईंचे दोन्ही हात मोकळे होते आणि चष्मा घरातून निघतानाच नाकावर होता.

पहिल्यापासून मोठ्या शहरवाल्या चढाई करत होत्या. सून इकडे झेप घे, तिकडे पड, कधी मुठीने, कधी पायाने, एकदा तर तोंडावर चेंडू झेलून परतवत होती. दर वेळी उठून उभी राही आणि पुन्हा तो आवाज मैदानभर फिरे. मुलगा आईला म्हणाला, "बघ, बघ आता कशी..." आणि बाई म्हणाल्या, "मला काय सांगतोस? मी तुझ्या आधीपासून बघतेय." हे काही खरं नव्हतं, पण त्याने वाद घातला नाही.

मध्यंतरानंतर बऱ्याच वेळाने ते घडलं. चेंडू भिंगरीकडे आला तेव्हा तिची पाठ गोलकडे होती आणि अंगावर दोघी जणी धावून आल्या होत्या. तिने चेंडू पायाखाली घेतला, एक गिरकी मारली आणि त्या दोघी एकमेकींवर आदळल्या. पुढे बेकरीवाली उभी होती. भिंगरीने वर बघितलंसुद्धा नाही. इतक्या लांबून कुणी मारत नाही अशा ठिकाणाहून तिने चेंडू उचलला. तो खांबाच्या कितीतरी बाहेरून चालला होता. लोक खुर्च्यांत मागे टेकायला लागले. आणि मग हवेत, कुणीतरी दोरीने ओढल्यासारखा, तो आत वळायला लागला. बाईंनी सुनेला झेपावताना पाहिलं. अख्खं शरीर जमिनीला समांतर, एक हात लांबच लांब. चेंडू बोटांच्या टोकांना पुसटसा लागला, खांबाच्या आतल्या कडेला चाटला आणि जाळीत गेला.

क्षणभर अख्खं स्टेडियम मुकं झालं. आपण काय पाहिलं हे कुणालाच कळलं नव्हतं. त्या शांततेत एक बाई उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली.

"आई!" मुलगा ओरडला. "अगं, आपल्यावर झाला तो!"

"कळतंय मला," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हते. "ती पोरगी बघ. आणि आपली बघ. दोघी बघ."

मग सगळं स्टेडियम उसळलं आणि त्यांच्या टाळ्या त्यात बुडाल्या.

पुलाखालच्यांनी हाय खाल्ली नाही. शेवटच्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला, आणि मग सुनेने जे केलं त्याने मुलगा टिंगीसकट ताडकन उठला. ती आपला गोल मोकळा सोडून धावत सुटली, मैदानाच्या त्या टोकापासून या टोकाला. चेंडू वर आला. सगळ्यांच्या डोक्यावरून हिरवी जर्सी उठली. तिने डोकं मारलं. चेंडू आडव्या खांबावर आदळून इतक्या जोरात उलटला की सरळ भिंगरीच्या पायात पडला.

समोर रिकामं मैदान आणि रिकामा गोल. भिंगरी काही पावलं पळाली आणि अर्ध्या मैदानावरून तिने चेंडू ढकलून दिला. तो शांतपणे घरंगळत गोलकडे निघाला.

आता काही उरलं नव्हतं. एका गोलने हरलं काय आणि दोनने हरलं काय, चषक गेलाच होता. बाकीच्या जणी जागच्या जागी थांबल्या, कुणी कमरेत वाकली, कुणी तोंड झाकलं. सून तेवढी थांबली नाही. ती वळली आणि चेंडूच्या मागे धावत सुटली. दमलेलं शरीर, चिखलाचे बूट, पाठीमागे सुटलेले केस. लोकांना आधी वाटलं, उगाच. मग एक जण उठला, मग एक रांग उठली, मग सगळेच उठले. कोणत्या संघाचे कोण हे राहिलंच नाही. चेंडू रेषेकडे चालला होता, ती चेंडूकडे चालली होती, आणि हजारो माणसं श्वास धरून उभी होती. अगदी रेषेवर तिने अंग झोकून दिलं, चेंडूभोवती हात टाकले आणि त्याला पोटाशी घेऊन लोळत जाळीबाहेर थांबली.

रेफ्रीने शेवटची शिट्टी वाजवली. ती कुणाला ऐकू गेली नसेल.

सून तशीच पडून होती, चेंडूवर गाल टेकून. तिच्याजवळ सगळ्यात आधी पोचली ती भिंगरी. तिने हात पुढे केला, सुनेला उठवलं आणि दोघी काहीतरी बोलत बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मोठ्या शहरवाल्यांना चषक मिळाला, फुगे सुटले, फोटो निघाले.

परतीच्या बसमध्ये सगळ्या आधी रडल्या, मग बेकरीवालीने पावांची भली मोठी पिशवी उघडली आणि सगळ्या खायला लागल्या. टिंगी बापाच्या खांद्यावर झोपली होती. सून येऊन बाईंच्या शेजारी बसली. तिच्या दोन बोटांना पट्टी होती.

"आई, त्या गोलला तुम्ही टाळ्या वाजवल्यात ना?"

बाई चपापल्या. "तुला दिसलं?"

"ऐकू आलं. बाकी सगळे गप्प होते."

"रागावलीस?"

सुनेने मान हलवली. "मी जाळीत पडले होते, नाहीतर मीही वाजवल्या असत्या." तिने बोटांवरची पट्टी घट्ट केली. "मी तिला विचारलं, कसा मारलास? ती म्हणाली, मलाही माहीत नाही. पुन्हा येणार नाही."

"आणि तू? तू शेवटी का धावलीस? हरलोच होतो ना आपण?"

सून हसली. "ते पळताना कुठे आठवतंय?"

बस वळली. खिडकीतून ऊन आत आलं आणि सुनेच्या पट्टी बांधलेल्या हातावर पडलं. बाईंनी तो हात आपल्या हातात घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. रोजचाच हात होता, काचा घासून खरखरीत झालेला, नखांत मैदानाची माती. त्यांनी तो लगेच सोडला नाही. सुनेने दुसऱ्या हाताने पाव तोडून अर्धा त्यांच्यापुढे धरला.